बोटावरचा ठोका, डोक्यातली लय: एका घरगुती जोडणीच्या नोंदी

नाशिकच्या अंबडला माझं पॅनल वायरिंगचं छोटं युनिट आहे. भाची मानसशास्त्रात एम.ए. करते. जानेवारीत ती म्हणाली, "मामा, बोटाला काही लागलं की मेंदूत एक प्रतिसाद उठतो. तो दर वेळी सारखा नसतो. आधीपासून जी लय चालू असते तिच्यावर तो ठरतो का, ते मला स्वतः मोजून बघायचंय." वायरिंग माझं, गणित तिचं, असं ठरलं. कुणाला असलंच काही करायचं असेल तर आमचे रविवार वाया कसे गेले ते कळावं, म्हणून या नोंदी ठेवल्या.

आधी एक नियम. डोक्याला लावायची कोणतीही वस्तू घरच्या लाइनला जोडलेली नको. बोर्ड बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढून दुसऱ्या खोलीत. मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका देऊनही असा प्रतिसाद मिळवतात, पण ते काम दवाखान्यातल्या यंत्राचं आणि माणसांचं. आम्ही फक्त बोटाला हलका ठोका देतो.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

एका चॅनलचा, म्हणजे एकाच जागेची नोंद घेणारा, अँप्लिफायर बोर्ड आला, २,६०० रुपये. डोक्यावरचे अगदी बारीक विद्युत चढउतार तो मोठे करतो. ते लॅपटॉपला द्यायला लागणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो, घरातच पडून होता. सोबत डोक्याला चिकटवायच्या धातूच्या वाट्या, म्हणजे कप इलेक्ट्रोड, दहा आणि त्यांत भरायच्या वीजवाहक पेस्टचा डबा, मिळून ३,९००. पेस्ट महाग आहे, पण तिच्या जागी दुसरं काही वापरायला जाऊ नका. आम्ही पहिल्या दिवशी कोरफडीचा गर आणि मीठ लावून पाहिलं. वीस मिनिटांत वाळलं आणि रेघ पतंगासारखी वर निघून गेली.

९ फेब्रुवारी

डोक्याच्या मागच्या भागावर एक इलेक्ट्रोड, कानाच्या पाळीवर दुसरा, कपाळावर तिसरा. मी डोळे मिटले आणि दोन सेकंदांत स्क्रीनवर सेकंदाला दहा लाटा. डोळे उघडले की गायब. हान्स बर्गरने १९२४ मध्ये जर्मनीत माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा अशी नोंद घेतली आणि छापायला पाच वर्षं थांबला. आम्ही पाच मिनिटंही थांबलो नाही, लगेच फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला.

मग आईला बसवलं. काहीच दिसेना. नुसता घरच्या लाइनचा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० लाटांचा, जाड पट्टा. तासभर वायरी बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं, पंखा बंद केला. शेवटी आईच म्हणाली, "अरे, सकाळीच तेल लावलंय डोक्याला, त्याने काही बिघडतं का?" बिघडतं. खोबरेल तेलाचा थर असला की इलेक्ट्रोड आणि कातडीत संपर्कच होत नाही. यापुढे बसणाऱ्याने आदल्या रात्री शाम्पूने केस धुवायचे आणि तेल लावायचं नाही. आईला हे मान्य नाही, त्यामुळे ती यादीतून बाद.

१५ फेब्रुवारी

आता कामाची जागा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची आणि मध्यबिंदू काढायचा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत याच मध्यावरून टेप न्यायची आणि मध्यापासून त्या लांबीच्या २० टक्के डावीकडे यायचं. डोक्यावरच्या ठरलेल्या जागांपैकी ही सी-थ्री. उजव्या बोटाचा स्पर्श डाव्या बाजूला उमटतो म्हणून डावीकडे, आणि स्पर्शाचा पट्टा जरा मागे असतो म्हणून तिथून आणखी दोन सेंटीमीटर मागे. टेप शिंप्याची घ्या. स्टीलची डोक्यावर वळत नाही.

तिथे दहाच्या लाटा दिसल्या आणि आम्ही "सापडली" म्हणून मोकळे झालो. मेंदूच्या हालचाल-स्पर्शाच्या भागाची स्वतःची लय असते, तिला म्यू म्हणतात. तीही सेकंदाला दहाच्या आसपास. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या आंरी गास्तोने तिचं वर्णन कमानीसारख्या आकाराची लय असं केलं. तिची खूण अशी की मूठ आवळली की ती दबते. आम्ही मूठ आवळली, लय ढिम्म. डोळे उघडले, लय गायब. म्हणजे सापडली होती ती मागच्या भागातली डोळ्यांचीच लय, कानाच्या पाळीच्या तुलनेत मोजल्यामुळे पुढपर्यंत दिसणारी.

एका चॅनलवर या दोन लया वेगळ्या करता येत नाहीत. इथे २,६०० रुपये बुडाले. अगदी बुडाले असंही नाही, बोर्ड आता भाच्याच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी ठेवलाय.

१६ फेब्रुवारी

पुण्याच्या एका विद्यार्थ्याकडून एडीएस१२९९ चिपचा आठ चॅनलचा बोर्ड जुना घेतला, १४,५०० रुपये. २४ बिट, सेकंदाला २५० नमुने. हाच आधी घ्यायला हवा होता.

आता डोळे उघडे ठेवून समोरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नजर, हात मांडीवर सैल. मूठ आवळ, सोड, आवळ, सोड. भाचीच्या सी-थ्रीवर लय स्वच्छ दबते आणि सोडल्यावर पुन्हा येते. मागच्या इलेक्ट्रोडवर काही फरक नाही. तिच्या धाकट्या भावाचंही तसंच. माझी मात्र दिसतच नाही. सगळ्यांची ती उघड दिसते असं नाही, तेव्हा निराश होऊ नका, घरातलं दुसरं डोकं शोधा.

२२ फेब्रुवारी

ठोका देण्यासाठी मोबाइलमध्ये असते तसली गोल व्हायब्रेटर मोटार, एमजी रोडवरून चार नग, २४० रुपये. तर्जनीला चिकटपट्टीने बांधली, २०० वेळा वाजवली, सरासरी काढली. सपाट.

सरासरीचं गणित साधं आहे. मेंदूची आपली चालू हालचाल समजा २० मायक्रोव्होल्टची (व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट) आणि स्पर्शाचा प्रतिसाद दोन-तीनचा. एका ठोक्यात तो दिसणार नाही. पण प्रत्येक ठोक्याचा क्षण शून्य धरून ४०० तुकडे एकमेकांवर जुळवले आणि त्यांची सरासरी घेतली तर तो गोंगाट २० ने भागला जातो, १ मायक्रोव्होल्टवर येतो आणि प्रतिसाद वर डोकावतो. हेच काम जॉर्ज डॉसनने १९४७ मध्ये लंडनला फोटोच्या कागदावर रेघांवर रेघा चढवून केलं होतं. अट एकच: शून्य म्हणजे खरोखर शून्य हवं.

२ मार्च

आमचं शून्य शून्य नव्हतं. मोटारीवर पीझो चकती, म्हणजे थरथरली की विजेचा सिग्नल देणारी चकती, चिकटवून पाहिलं. हुकूम दिल्यापासून मोटार खरी थरथरायला कधी ४० मिलिसेकंद लागतात, कधी ८५. फिरणारं वजन आधी कुठल्या कोनात थांबलं होतं त्यावर ते अवलंबून. प्रतिसादाचा एकेक चढउतार ३०-४० मिलिसेकंदांचा, आणि आमची चूकच ४५ ची. सरासरीत सगळं एकमेकांत कालवलं गेलं. मोटार घेऊ नका.

दुसरी चूक त्याच दिवशी सापडली, आणि ती माझी. ठोके अगदी बरोबर एक सेकंदाने दिले होते. पॅनलवाल्या माणसाला सगळं एका मापात बसलेलं आवडतं. पण लाइनची ५० हर्ट्झची लाट एका सेकंदात जवळजवळ पूर्ण ५० फेरे करते. म्हणजे प्रत्येक ठोक्याला ती जवळपास त्याच जागी सापडते, थोडीच सरकते, आणि सरासरीत लवकर धुतली जात नाही. शिवाय डोकंही हुशार. चौथ्या-पाचव्या ठोक्यानंतर भाचीला पुढचा कधी येणार ते कळायचं आणि तिची म्यू लय ठोक्याआधीच उतरायला लागायची. आम्हाला जे मोजायचं तेच आम्ही हलवत होतो. आता अंतर १.६ ते २.६ सेकंदांच्या मध्ये, कसंही.

९ मार्च

नवा ठोकेवाला. जुन्या रेडिओचा तीन इंची स्पीकर, त्याच्या कोनच्या मध्यावर अरल्डाइटने उभी चिकटवलेली उदबत्तीची काडी, मसाला तासून काढलेली. काडीच्या टोकाला मणी. दहा मिलिसेकंदांचा धक्का दिला की मणी बोटाच्या पेरावर टक् करून मागे जातो. आम्ही त्याला सुतारपक्षी म्हणतो. खर्च शून्य, आणि मागेपुढे होणं एका नमुन्याच्या, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आत.

जोडणीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. स्पीकरची बॅटरी वेगळी आणि बोर्डाशी संबंध फक्त ऑप्टोकपलरमधून, म्हणजे तारेने नव्हे, प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणाऱ्या भागातून. मण्यामागे पीझो चकती, तिचा सिग्नल रेझिस्टरने उतरवून बोर्डाच्याच आठव्या चॅनलवर, म्हणजे ठोका आणि मेंदू एकाच घड्याळावर. लॅपटॉपच्या वेळेवर विसंबून राहू नका, यूएसबी मधूनच डुलकी काढते. तिसरं, डोक्याच्या वायरींची वेणी घालून त्या स्पीकरपासून लांब ठेवा, नाहीतर शून्यावर कॉइलचा सुळका उभा राहतो. आमचा राहिला होता.

१५ मार्च

प्रतिसाद मिळाला! साधारण १०० मिलिसेकंदांवर मोठा, डोक्याच्या मध्यावर सर्वांत ठळक. भाचीला पटेना. "बोट डावीकडे उमटायला हवं, मध्यावर का?" तिने बोट मागे घेतलं आणि सुतारपक्ष्याला हवेत ठोकू दिलं. प्रतिसाद तसाच्या तसा! तो कानाचा होता. आम्ही दोन तास 'टक्' या आवाजाचा अभ्यास करत होतो.

उपाय: इयरफोनवर सतत पांढरा गोंगाट, म्हणजे एकसारखा सळसळाट, टक् ऐकू येईनासं होईपर्यंत, आणि स्पीकरभोवती जुनी गोधडी. हवेतला ठोका आता सपाट. हवेत ठोके देऊन पाहण्याची ही तपासणी आता प्रत्येक बैठकीत सुरुवातीला करतो. ती न केलेल्या कुणाच्याही घरगुती आकड्यांवर माझा यापुढे विश्वास नाही.

१९ मार्च, रंगपंचमी

काम नाही. भाचा तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारून आला. बाकीच्या गावांना धुळवडीचा रंग, नाशिकला रंगपंचमीचा, त्यामुळे आज त्याच्याकडून काही अपेक्षाच नव्हती. टाळू चार दिवस पिवळी होती, पण संपर्काला रंगाने काही फरक पडला नाही. तेलापेक्षा रंग बरा.

२३ मार्च

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरही बंद केला, कारण त्याचा गोंगाट लाइनपेक्षा वाईट. पाऊण तास घरात पंखा नाही, फ्रिज नाही, ट्यूब नाही. भाची घामाने निथळत बसली आणि आत्तापर्यंतची सगळ्यांत स्वच्छ नोंद मिळाली. ६०० ठोके, शंभराचे सहा गट, मध्ये दोन-दोन मिनिटं पाणी.

सरासरीत पहिला छोटा धन चढ ५० मिलिसेकंदांच्या आसपास, मग एक खळगा, १०० जवळ पुन्हा चढ आणि १४० जवळ रुंद ऋण उतार. स्पर्शाच्या कामात हे सगळे ओळखीचे टप्पे आहेत. डाव्या बाजूला उजवीपेक्षा ठळक. डाव्या बोटाला ठोके दिले की बाजू उलटते. मी टाळी वाजवली, तो ठोका बाद करावा लागला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर बसलो. आता मूळ प्रश्न. प्रत्येक ठोक्याआधीच्या अर्ध्या सेकंदात ८ ते १३ हर्ट्झची ताकद किती ते मोजायचं, त्यावरून ६०० ठोक्यांचे कमी, मधली, जास्त असे तीन ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगाची सरासरी वेगळी काढायची. दोन ढीग का नाही? लिंकेनकेर-हान्सेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बोटाच्या अगदी क्षीण स्पर्शावर काम केलं, तेव्हा लय फार कमी किंवा फार जास्त असताना नव्हे, मधली असताना स्पर्श सर्वांत चांगला ओळखला गेला. दोनच ढीग केले असते तर मधलं शिखर दिसलंच नसतं.

आमचा निकाल: जास्त लयीच्या ढिगात १४० चा उतार जवळजवळ एक तृतीयांशाने लहान. श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन आलेख पाहिला.

१ एप्रिल

रात्री दहाला भाचीचा फोन. "मामा, ते जास्त लयीवाले ठोके शेवटच्या गटांमधलेच नाहीत ना?"

मोजले. जास्त लयीच्या २०० ठोक्यांपैकी १३१ शेवटच्या दोन गटांतले. वीस मिनिटं भिंतीकडे बघून माणूस पेंगुळतो, लय वाढते. त्याच वेळी बोटही ठोक्यांना सरावतं आणि प्रतिसाद लहान होतो. दोन्ही गोष्टी घड्याळाने एकत्र आणल्या होत्या. एकीने दुसरी घडवली असं त्यातून निघत नाही. तारखेने एप्रिल फूल केलं म्हणायचं.

आता ढीग प्रत्येक शंभराच्या गटात वेगळे करायचे आणि मग जोडायचे. फरक एक तृतीयांशावरून एक अष्टमांशाच्या जवळ आला. उरला, पण लाजत.

६ एप्रिल

अजून एक भोक. लय मोजताना आम्ही आधी फिल्टर मारला होता, पुढून एकदा आणि मागून एकदा फिरणारा, म्हणजे लाटा जागच्या हलत नाहीत. पण असा फिल्टर ठोक्यानंतरचा प्रतिसाद थोडा मागे, ठोक्याआधीच्या भागात सांडतो. मग "आधीची लय" मोजताना आपण नंतरचाच प्रतिसाद मोजतो आणि दोन्हींचं नातं आहे म्हणून पेढे वाटतो. खात्रीसाठी भाचीने नकली डेटा केला: मध्ये कुठलंच नातं नसलेला गोंगाट आणि त्यावर कमीजास्त उंचीचा प्रतिसाद. फिल्टरने त्यातही नातं "सापडलं".

लय मोजताना आता फिल्टर नाही. ठोक्याआधी ६०० ते १०० मिलिसेकंदांचा तुकडा कापून घ्यायचा आणि फक्त त्याचाच वर्णपट, म्हणजे कुठल्या वेगाच्या लाटा किती ताकदीच्या ते, काढायचा. ठोक्यानंतरचं त्यात काही येऊच शकत नाही. नकली डेटावर निकाल शून्य आला, म्हणजे बरोबर.

फरक आणखी थोडा उतरला. मला वाईट वाटलं, भाचीला नाही. ती म्हणाली, आता जे उरेल ते आपलं.

१३ एप्रिल

या नोंदीवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि ती मला अजूनही सगळ्यांत आवडते.

ठोका बसला की म्यू लय काही शे मिलिसेकंद दबते, मग परत येते. मी समजत होतो की लय वर जेवढी जाते तेवढीच खाली, म्हणून ती दबली तरी सरासरीत काही उमटायचं नाही, वर-खाली कटून जाईल. पण मझहेरी आणि येन्सेन यांनी २००८ मध्ये दाखवलं की अशा लयीची शिखरं आणि खळगे सारखे नसतात, लयीचा तोल एका बाजूला झुकलेला असतो. तसं असेल तर लय दबताना तो झुकावही जातो, आणि सरासरीत एक संथ वळण उमटतं. ते "प्रतिसाद" दिसतं, पण ती नवी लाट नव्हे. आधीची लय उतरल्याची ती खूण. पाण्याची टाकी रिकामी होताना काटा खाली येतो, तसं.

आमच्या आलेखात असलं वळण नव्हतं. का नव्हतं? कारण मीच १ हर्ट्झखालचं सगळं कापलं होतं, रेघ सरळ दिसावी म्हणून. कापणी ०.१ हर्ट्झवर आणली आणि जुन्या सहाही बैठका पुन्हा चालवल्या. जास्त लयीच्या ढिगात ३०० मिलिसेकंदांनंतर वळण आलं. कमी लयीच्या ढिगात जवळपास नाही. म्हणजे उशिराचा भाग आधीच्या लयीशी बांधलेला दिसतो, आणि लवकरच्या टप्प्यांचा हिशोब वेगळा.

पण ०.१ ला एप्रिलची किंमत मोजावी लागते. घाम आला की इलेक्ट्रोडखाली रेघ तरंगत सुटते आणि हे तरंगणंही तितकंच संथ. दुपारच्या दोन बैठका पूर्ण टाकून द्याव्या लागल्या. आता पहाटे साडेपाचला, गार हवेत, दूधवाल्याच्या आधी. भाची कुरकुर करते. पेंगुळलेपण आणि लय यांचा प्रश्न पहाटे नव्याने उभा राहतो हे तिचं म्हणणं खरं आहे, म्हणून आधी चहा.

२० एप्रिल

आजची स्थिती. सहा जुन्या बैठका, तीन भाचीच्या, तीन भाच्याच्या. १४० चा उतार जास्त लयीत लहान, हे सहापैकी चारांत दिसतं, दोनांत काही नाही. ५० च्या चढाबद्दल आम्ही बोलत नाही, तो एवढा बारीक आहे की सुतारपक्ष्याचा मणी बदलला तरी हलतो. ३०० नंतरचं वळण पाचांत. मधल्या ढिगाचं शिखर आम्हाला दिसलं नाही. आमचे ठोके जोराचे आहेत आणि "जाणवला का" असं आम्ही विचारतच नाही, तेव्हा ते दिसायची अपेक्षाही नव्हती.

खर्च: एकचॅनली बोर्ड २,६००, मोठा बोर्ड १४,५००, इलेक्ट्रोड-पेस्ट ३,९००, मोटारी २४०, पीझो ८०, ऑप्टोकपलर आणि सुटे भाग ३५०, सेल आणि होल्डर ९००. एकूण २२,५७०. यातले २,८४० टाळता आले असते. वाया गेलेले रविवार तीन, ते कुठल्या बिलात धरायचे माहीत नाही.

पुढच्या रविवारी भाऊजी बसणार आहेत. टक्कल आहे, तेलाचा प्रश्न नाही, इलेक्ट्रोड दोन मिनिटांत बसतील. त्यांनी विचारलंय की मिसळ आधी की नंतर. नंतर, असं कळवलंय. मिसळीनंतर जो घाम येईल तो ०.१ हर्ट्झला झेपायचा नाही.